टाच टेकवण्याचं काम

डहाणू तालुक्यातल्या कैनाडच्या एका पाड्यावर, कुडाच्या घरासमोर ओट्याखाली चपलांचा ढीग पडला होता. त्यातला एक लहान निळा जोड आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य-स्वयंसेविकेनं, उचलला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. डाव्या चपलेचा तळ सगळीकडे सारखा झिजलेला. उजव्या चपलेची टाच मात्र कोरी, तिच्यावरची नक्षीसुद्धा शाबूत. पुढचा भाग इतका घासलेला की अंगठ्याखाली रबराचा नुसता पापुद्रा उरला होता.

चपलेची मालकीण अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. वय सहा. उजवा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला, उजवा पाय चवड्यावर. "पळते चांगली, पण टाच भुईला लागत नाय," आजी म्हणाली. तिच्या बोलण्यात काळजी होती आणि नातीच्या पळण्याचं कौतुकही होतं.

यंदाच्या अंकासाठी 'चालणं' हा विषय ठरला, तेव्हा वारी, डोंगरवाटा, पदयात्रा यांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे मला दिसत होतं. ज्यांना नुसतं चालता यावं म्हणून बालपणाची दहा-बारा वर्षं उपचारात घालवावी लागतात, त्या मुलांकडे जायचं मी ठरवलं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा, असलेल्या मुलांची पावलं वाकडी होतात. ती का होतात, कशी सुधारतात, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ते सुधारणं नेमकं कुठे अडतं, हे मला पाहायचं होतं.

जन्मताना पाय सरळ होता

या मुलांच्या आया एक गोष्ट हटकून सांगतात: जन्मला तेव्हा पाय चांगला होता, नंतर वाकडा झाला. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि निदानाच्या दृष्टीनं ते मोलाचंही आहे. जन्मतःच आत वळलेलं पाऊल, ज्याला दवाखान्यात क्लबफूट म्हणतात, ते वेगळं. त्याला पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला एक अशी पाच-सात प्लास्टरं घालतात, बहुतेकांना टाचेपाशी एक छोटा छेद देतात आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री बूट-पट्टी वापरतात. बहुतेक पावलं त्यातून सरळ होतात. सेरेब्रल पाल्सीत पाऊल जन्मतः निर्दोष असतं. दोष वर, मेंदूत असतो. पाऊल त्याचे परिणाम हळूहळू, वाढीबरोबर दाखवतं.

म्हणूनच पाड्यावर याचा अर्थ लावणं अवघड जातं. बाळ उशिरा रडलं, जन्मानंतर पिवळं पडलं, महिन्याआधीच आलं, किंवा वर्षाचं असताना तापात झटके आले, हे आईला आठवत असतं. पण त्याचा संबंध तीन वर्षांनंतर उचलल्या गेलेल्या टाचेशी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मधल्या काळात भगताकडे जाणं झालेलं असतं, तेल चोळून झालेलं असतं. त्याबद्दल तिला बोल लावण्यात काही अर्थ नाही. तिनं तिच्या हाताशी होतं ते केलं.

हा संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरनं. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणच्या आजारानं वाकडा झाला होता. १८३६ साली जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन त्यानं श्ट्रोमायर या सर्जनकडून टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा दोर, कापून घेतली. पाय सुधारला, आणि तीच विद्या घेऊन तो लंडनला परतला. पुढे १८६१ साली त्यानं अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि मुलांचे ताठरलेले पाय यांचं नातं डॉक्टरांच्या सभेपुढे ठेवलं. बरीच वर्षं या अवस्थेला त्याचंच नाव होतं.

जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना सेरेब्रल पाल्सी होते. म्हणजे मोठ्या गावात एखाद-दुसरं मूल, आणि तेही पाड्यापाड्यांवर विखुरलेलं. कुणालाच ते ठळकपणे दिसत नाही.

पोटरीची ओढ

मेंदूची इजा वाढत नाही. जी झाली ती झाली, तिथेच थांबते. मग पाऊल दरवर्षी अधिक वाकडं का होतं?

फिजिओथेरपिस्ट मुलाच्या पोटरीवर हात ठेवून हे समजावतात. हाड आपल्या गतीनं लांब होत राहतं. स्नायू लांब होतो तो रोजच्या ताणामुळे: मूल धावतं, उड्या मारतं, उकिडवं बसतं, त्यातून पोटरी ताणली जाते आणि वाढते. मेंदूकडून सतत 'आखड' असाच निरोप येत राहिला, तर पोटरीला तो ताण मिळत नाही. हाड पुढे जातं, स्नायू मागे राहतो आणि टाच वर ओढली जाते. लोक याला 'नस आखडली' म्हणतात. ती नस नसते, पण आखडणं खरं असतं.

मग तपासणी. मुलाला पाठीवर झोपवायचं, गुडघा वाकवायचा आणि पाऊल वर ढकलून पाहायचं. मग तसंच गुडघा सरळ ठेवून. गुडघा वाकवल्यावर पाऊल सहज वर आलं आणि सरळ केल्यावर अडलं, तर पोटरीचा वरवरचा स्नायू आखडलेला आहे, कारण तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. दोन्ही वेळा अडलं, तर खोलवरचा स्नायूही आखडलाय. दोन मिनिटांच्या या तपासणीवर पुढचं बरंच ठरतं: कोणता स्नायू सैल करायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही.

आखडण्याचे प्रकारही वेगवेगळे. एकाच बाजूचे हातपाय बाधित असतील, तर पाऊल बहुधा आत वळतं. वजन बाहेरच्या कडेवर येतं आणि करंगळीच्या मुळाशी घट्टा पडतो. दोन्ही पाय बाधित असतील, तर बरेचदा उलटं होतं: पाऊल बाहेर फाकतं आणि मध्यभागी मोडल्यासारखं सपाट होतं. या दुसऱ्या प्रकारात फसगत होते. टाच टेकलेली दिसते, घरचे समाधानी होतात. प्रत्यक्षात टाचेचं हाड वरच असतं, खाली आलेली असते ती पावलाची मोडलेली कमान. असं मूल आठ-नऊ वर्षांचं झालं, वजन वाढलं, की आतल्या बाजूला दुखू लागतं आणि चालणं कमी होतं.

फ्रान्समध्ये टार्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या मुलांची पोटरी दिवसात किती वेळ ताणलेली असते ते मोजलं. जिथे हा वेळ सहा तासांच्या वर होता, तिथे आखडण वाढली नाही. जिथे तो दोन तासांच्या आसपास होता, तिथे वाढत गेली. अभ्यास मोठा नव्हता, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: सकाळी दहा मिनिटं तेल लावून पाय ओढण्यानं स्नायू लांब होत नाही. मालिशीनं मुलाला बरं वाटतं, आईच्या हाताची सवय होते, ते जरूर करावं. पण टाच खाली आणायची तर तास लागतात, रोज, आणि वाढ संपेपर्यंत. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. हे तास कोणत्याही सर्जनकडे नसतात. ते घरात असतात. म्हणून उपचाराची आखणी घरापासून सुरू व्हायला हवी, आणि आज ती दवाखान्यापासून सुरू होते.

मुंबईचा रस्ता

डहाणू रोडहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली आणि मुंबईचा दवाखाना एका दिवसाच्या टप्प्यात आला. पहाटे पाड्यावरून टमटमनं स्टेशन, मग लोकल, दादरला उतरून परळ. मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय तिथलंच, केईएमही तिथलंच. काही कुटुंबं उलट्या दिशेला, वापी-वलसाड किंवा सिल्व्हासाकडे जातात, कारण तलासरीहून ते जवळ पडतं.

मुंबईत वाकड्या पावलांवर उपचार करण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिचं मूळ पोलिओत आहे. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेनं हाजीअलीला मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय उभारलं. त्याच परिसरात केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ साली आली. कॅलिपर बनवणारे कारागीर, कंडरा जोडणारे सर्जन, व्यायाम शिकवणारे हात, हे सगळं त्या काळात तयार झालं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या निमित्तानं हाती घेतला आणि १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली.

नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. अस्थिव्यंगाच्या ओपीडीबाहेर बाकावर आता जी मुलं बसलेली असतात, त्यांत सेरेब्रल पाल्सीची मुलं मोठ्या संख्येनं असतात. हा बदल साधा नाही. पोलिओत स्नायू लुळा असतो आणि मेंदू शाबूत. इथे स्नायू जोर लावतो, पण त्या जोरावर ताबा नसतो. पोलिओच्या काळात हातात बसलेली शस्त्रक्रिया जशीच्या तशी या पायांवर केली तर नुकसान होतं.

घाईची शस्त्रक्रिया

पाच वर्षांचं मूल चवड्यावर चालतंय, टाचेची कंडरा लांब केली की टाच टेकेल. दिसायला हिशेब सोपा आहे. शस्त्रक्रिया छोटी, निकाल लगेच दिसणारा, शिबिरात एका दिवशी अनेक मुलांवर करता येणारी. आणि म्हणूनच ती धोक्याची.

पोटरी हा उभं राहताना गुडघ्याला मागून धरणारा स्नायू आहे. कंडरा गरजेपेक्षा जास्त लांब झाली की पोटरी दुबळी होते. टाच टेकते, पण मूल गुडघ्यात आणि कमरेत वाकून, बसकं होऊन चालू लागतं. दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलांत हा धोका सर्वांत जास्त. दहा-बारा वर्षांचं होईतो वजन वाढतं, गुडघे दुखतात आणि जे मूल चवड्यांवर का होईना शाळेपर्यंत जात होतं, ते घरी बसतं. चवड्यावरची चाल सुधारता येते. अति लांब झालेली पोटरी पुन्हा आखूड करणं फार कठीण. म्हणून जाणते सर्जन सहा-आठ वर्षांपर्यंत थांबतात, शक्य तिथे मूळ कंडरेला हात न लावता वरच्या स्नायूचं आवरण तेवढं सैल करतात, आणि खुबा, गुडघा, घोटा यांचा एकत्र विचार करून जे करायचं ते एकाच वेळी करतात. पूर्वी एका वर्षी टाच, पुढल्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढल्या वर्षी खुबा असं चालायचं. टोरोंटोचे सर्जन मर्सर रँग यांनी त्याला वाढदिवसांचा आजार म्हटलं होतं, कारण मुलाचा प्रत्येक वाढदिवस दवाखान्यात जायचा.

खुब्याबद्दल इथेच सांगायला हवं. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही. सगळ्यांचं लक्ष पावलाकडे असतं. वेळोवेळी खुब्याचा एक एक्स-रे काढणं एवढंच करायचं असतं, पण त्यासाठी कुणीतरी आठवण ठेवावी लागते.

या भागासाठी आणखी एक खबरदारी. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. पायाच्या शस्त्रक्रियेत मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवतात. सिकलसेल असलेल्या मुलाला तो पट्टा जोखमीचा. त्यामुळे आधी रक्ताची ती तपासणी झालीच पाहिजे.

शस्त्रक्रियेआधीचा एक टप्पा म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. १९९० च्या दशकापासून ते या मुलांच्या पोटरीत दिलं जातं. स्नायू तीन-चार महिने ढिला पडतो. त्या काळात प्लास्टर, स्प्लिंट (पायाला धरून ठेवणारी पट्टी), व्यायाम झाला तर फायदा. नाही तर महागडं औषध वाया गेलं आणि पोटरी होती तिथे परत आली.

आवणी, भट्टी आणि प्लास्टर

आखडलेली पोटरी चाकू न लावता लांब करण्याचा जुना उपाय म्हणजे ओळीनं घातलेली प्लास्टरं. पाऊल जेवढं येईल तेवढं वर आणून प्लास्टर करायचं, आठवड्या-दोन आठवड्यांनी ते काढून थोडं आणखी वर, असं दोन-चार वेळा. लहान मुलांत याचा गुण चांगला येतो. खर्चही फार नाही. कैनाडमध्ये त्याला आडवं येतं ते वर्षाचं कामकाज.

जून-जुलै आवणीचा, म्हणजे भातलावणीचा. घरातला प्रत्येक हात शेतात, अंगणात चिखल, गळणारं छप्पर. प्लास्टर ओलं झालं की मऊ पडतं आणि आत कातडी सडते. दसरा-दिवाळीला कापणी आणि झोडणी. दिवाळीनंतर हवा कोरडी आणि थंड, प्लास्टरसाठी उत्तम. पण नेमकी तेव्हाच घरं बंद होतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, पुरुष गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी म्हणून. मूल आईबरोबर भट्टीवर जातं. होळीला माणसं परततात आणि उकाडा सुरू झालेला असतो: प्लास्टरच्या आत घाम, खाज, आणि विहिरीला पाणी कमी.

एका आईनं मला सांगितलं की दवाखान्यात तिला विचारलं गेलं, पुढच्या मंगळवारी का आली नाहीस. ती मंगळवारी भट्टीवर होती, उचल घेतलेली होती, आणि मुकादम सोडत नव्हता. तिच्या कागदावर लिहिलं गेलं की पालकांचं सहकार्य नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं. होळी आणि पहिला पाऊस यांच्यामधले दहा-बारा आठवडे, उन्हासकट, हाच या तालुक्यातला प्लास्टरचा खरा हंगाम आहे. त्या दिवसांत डहाणूच्या किंवा कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात प्लास्टर घालणारा माणूस ठरलेल्या वारी बसला, तर अनेक मुलांचं ऑपरेशन लांबेल, काहींचं टळेल.

मुलं शोधण्याची यंत्रणा तर इथलीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. जन्मजात व्यंगापासून विकासातल्या विलंबापर्यंत तीस प्रकारच्या तक्रारी तपासतात. मूल सापडतं, नोंद होते, पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. चिठ्ठी आणि प्लास्टर यांच्यामध्ये सव्वाशे किलोमीटर आणि एका कुटुंबाची रोजची मजुरी आहे.

स्प्लिंट आणि रबरी चप्पल

प्लास्टर असो वा शस्त्रक्रिया, मिळवलेलं टिकवते ती स्प्लिंट. पायाचा साचा घेतात, त्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून बसवतात, पट्ट्या लावतात. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाला मागून धरणारी ही एल आकाराची पट्टी घातली की पोटरी ताणलेली राहते. सहा तासांचा हिशेब इथे जमू शकतो. दिवसा काही तास, झोपेत काही तास.

सहा वर्षांच्या त्या मुलीची स्प्लिंट घराच्या वळचणीला टांगलेली होती. ती गेल्या वर्षीची, आता लहान पडलेली. टाचेशी घासून फोड आला, तेव्हा आईनं ती काढून ठेवली, आणि योग्यच केलं. वाढत्या मुलाला साधारण वर्षाला नवी लागते. दुसरी अडचण चपलेची. स्प्लिंटवर बूट लागतो, तोही एक माप मोठा. रबरी चपलेत ती बसत नाही, आणि बुटाशिवाय घातली तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर घसरते. स्प्लिंट फुकट मिळते, बूट मिळत नाही. पट्टीचा वेल्क्रो चिखलानं भरून निकामी होतो. तो डहाणूच्या बाजारात चपला शिवणारा माणूस दहा मिनिटांत बदलून देऊ शकतो, पण हे आईला सांगितलेलंच नसतं.

मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत अपंग तरुणांबरोबर काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाड पुस्तक प्रसिद्ध केलं. लाकूड, बांबू, सायकलच्या जुन्या ट्यूब यांतून उभं राहण्याची चौकट, बसायची खुर्ची, चालण्याचे दांडे कसे करायचे हे त्यात चित्रांनिशी आहे. बांबूची या भागात वाण नाही, आणि बांबूवर हात बसलेली माणसं प्रत्येक पाड्यावर आहेत. एका घरात मी अंगणात रोवलेले दोन समांतर बांबू पाहिले. आजोबांनी नातवाच्या कमरेच्या मापानं बांधले होते. फिजिओथेरपिस्टनं फक्त उंची सांगितली होती.

उकिडवं बसता आलं पाहिजे

परदेशी पुस्तकांत उपचाराचं ध्येय असतं ते बूट घालून सपाट जमिनीवर चालणं. त्यासाठी घोटा नव्वदापेक्षा दहा अंश वर आला तरी भागतं. इथलं मूल शेताच्या बांधावरून चालतं, जमिनीवर जेवतं, विहिरीवर आणि शौचाला उकिडवं बसतं. उकिडवं बसायला घोटा कितीतरी जास्त वाकावा लागतो. पोटरी आखडलेलं मूल बसायला गेलं की मागे कलंडतं. मोठ्या होत चाललेल्या मुलीला शौचासाठी कुणाला तरी धरावं लागतं. हा तिच्या आईच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो, आणि दवाखान्यात तो विचारला जात नाही.

एका आजीनं मला सरळ सांगितलं: "चालू दे वाकडी, पण बसायला तरी येऊ दे." हे ऐकून उपचाराचा क्रम बदलायला हवा. कडक स्प्लिंट घातली तर बसता येत नाही; सांधा असलेली स्प्लिंट बसू देते, पण कमान मोडलेल्या पावलाला ती चालत नाही. मग बसण्याच्या वेळी स्प्लिंट काढायची का, शौचालयात भिंतीला बांबूचा आडवा दांडा लावायचा का, हे घर पाहूनच ठरेल.

जी मुलं कधीच चालणार नाहीत, त्यांच्या पावलांकडेही लक्ष लागतं. पाऊल सपाट टेकलं तर मूल खुर्चीत नीट बसतं, चौकटीत उभं राहतं, चप्पल घालू शकतं, घोट्याला जखमा होत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला रोज उचलणाऱ्या आईच्या पाठीसाठी, तो क्षणभर स्वतःच्या पायांवर भार देऊ शकणं ही फार मोठी गोष्ट आहे.

वाढ थांबेपर्यंत

सर्वांत निसटतं वय आहे ते अकरा ते पंधराचं. हाडं झपाट्यानं वाढतात, पोटरी पुन्हा मागे पडते, आधी सुधारलेलं पाऊल परत वळू लागतं. नेमकी तेव्हा मुलं आश्रमशाळेत असतात. रात्री स्प्लिंट बांधायला आई नसते. अधीक्षकांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं, आणि मुलाला चिडवतील म्हणून तो ती पेटीत ठेवतो. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक शाळांपर्यंत जातात. वसतिगृहाच्या रात्रीपर्यंत त्यांनी ही गोष्ट पोचवली, एका मोठ्या मुलाला पट्टी बांधायला शिकवलं, तर तेवढ्यानं काही वर्षं वाचतील.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची नोंद आहे. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र झालं की प्रवासाच्या सवलती आणि साधनांच्या योजना खुल्या होतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना एक लाखापर्यंतचा खर्च उचलते आणि त्यात शस्त्रक्रियेशिवायचे नियमित उपचारही बसतात, म्हणजे फिजिओथेरपीसुद्धा. पाड्यावर मी ज्यांना भेटलो त्यांतल्या कुणाकडेही निरामयचं कार्ड नव्हतं. आशाताईंनी ते नाव वहीत लिहून घेतलं आणि कागद कोणते लागतात ते विचारलं. निळ्या चपलेच्या मुलीचं प्रमाणपत्र अजून व्हायचं आहे. तिच्या पोटरीची तपासणी झाली: गुडघा वाकवला की पाऊल वर येतं, म्हणजे खोलवरचा स्नायू अजून मोकळा आहे आणि प्लास्टरनं काम होण्यासारखं आहे. तिचे आईवडील यंदा भट्टीवर जाणार आहेत. होळीच्या आधी येऊ, असं त्यांनी आशाताईंना सांगितलं आहे.